अप-डाउन म्हणजे नेमकं काय, आणि हा शब्द आला कुठून

कारेलीबागेतल्या एका ताईंचा प्रश्न आलाय. त्यांची मुलगी रोज बडोद्याहून आणंदला नोकरीला जाते आणि संध्याकाळी परत येते. त्यांनी पुण्याच्या जाऊबाईंना फोनवर सांगितलं की "पोरगी अप-डाउन करते", तर तिकडून उत्तर आलं की हे कसलं गुजराती-इंग्लिश, मराठीत बोला की. म्हणून त्या विचारतायत की हा शब्द मुळात कुठला, यातलं अप कुठलं नि डाउन कुठलं, आणि याला चांगला मराठी शब्द कोणता.

मी स्टेशन मास्तर म्हणून रिटायर झालोय, सगळी नोकरी बडोदा डिव्हिजनमध्येच झाली, आणि हे दोन शब्द मी ड्युटीवर इतके बोललोय की त्याची मोजदाद नाही. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी थोडक्यात. शब्द रेल्वेचा आहे. दोन्ही तुकडे इंग्लिश आहेत हे खरं, पण ते जोडून त्याला "करणे" लावायचं काम इथल्या पॅसेंजर लोकांनी केलंय. लंडनच्या माणसाला तुम्ही "मी अप-डाउन करतो" हे जसंच्या तसं इंग्लिशमध्ये सांगितलं तर तो तुमच्या तोंडाकडे बघत राहील, कारण त्याच्या भाषेत रोजच्या प्रवासाला असं कोणी म्हणत नाही. गुजरातीत आहे, हिंदीत आहे, मराठीतही भरपूर आहे, फक्त जाऊबाईंच्या कानावर पडला नसावा.

आता अप कुठलं नि डाउन कुठलं. वेस्टर्न रेल्वेवर मुंबईच्या दिशेने जाते ती अप, मुंबईपासून लांब जाते ती डाउन. बस, एवढाच नियम. उत्तर-दक्षिण, चढ-उतार, शहर मोठं की लहान, कशाचाही संबंध नाही. मुंबई सेंट्रल ते बडोदा 392 किलोमीटर, हे अंतरही मुंबईकडूनच मोजलेलं. बडोद्याला लाइन फुटते, एक आणंद-अहमदाबादकडे जाते, दुसरी गोध्रा-रतलामवरून दिल्लीकडे, पण दोन्हीकडे जाणारी गाडी डाउनच, कारण दोन्ही मुंबईपासून लांब चालल्यायत. मोठ्या गाड्यांच्या नंबरातही हे दिसतं. मुंबईहून निघणारी गुजरात मेल 12901 आणि परतीची 12902, कर्णावती 12933 आणि 12934, राजधानी 12951 आणि 12952. मुंबईहून डाउन निघाली की विषम नंबर, अप परत आली की पुढचा सम. हे पाच आकडी नंबर 20 डिसेंबर 2010 पासून लागू झाले, त्याआधी चार आकडी होते आणि त्यांच्यामागे अप किंवा डाउन हमखास लिहिलेलं असायचं, जुन्या लोकांना आठवत असेल.

हे असं का ठेवायचं, सरळ "अहमदाबादची गाडी" का नाही म्हणायचं, असं मला नात्यातली मुलं विचारतात. त्याचं उत्तर स्टेशन मास्तरच्या टेबलावर आहे. तुम्हीच बघा, "अहमदाबादची गाडी" म्हणजे अहमदाबादला जाणारी की अहमदाबादहून येणारी? घरी बोलताना दोन्ही चालतं, समोरचा विचारून घेतो. पण ड्युटीवर तसं चालत नाही. डबल लाइनला दोन ट्रॅक असतात, एक अप लाइन एक डाउन लाइन, आणि टेबलावर दोन्ही बाजूच्या शेजारच्या स्टेशनांशी जोडलेली ब्लॉकची यंत्रं असतात. गाडी पुढे सोडायची तर आधी पुढच्या स्टेशनकडून लाइन क्लिअर घ्यावी लागते, म्हणजे मधला पट्टा मोकळा आहे, पाठवा, अशी त्याची कबुली. फोनवर बोलणं होतं तेव्हा आम्ही एकमेकांना प्रायव्हेट नंबर देतो, प्रत्येकाकडे छापील नंबरांची शीट असते, दिलेला नंबर खोडायचा, समोरच्याने तो आपल्या रजिस्टरात लिहायचा, म्हणजे उद्या काही झालं तर कोणी काय कबूल केलं होतं त्याचा पुरावा राहतो. त्या रजिस्टरात अप गाड्यांचा हिशोब वेगळा, डाउनचा वेगळा. रात्रीचे दोन-अडीच वाजलेत, बाहेर धो-धो पाऊस, फोनमध्ये खरखर, आणि अशा वेळी दिशेसाठी एकच शब्द हवा, छोटा, ज्याचा दुसरा अर्थ निघणार नाही. अप. डाउन. या दोन शब्दांवर माणसांचे जीव असतात, म्हणून मला कोणी त्याला धेडगुजरी म्हटलं की वाईट वाटतं.

मुळात हे आलं ब्रिटनमधून. तिथे रेल्वे यायच्या आधीपासून, घोडागाडीच्या जमान्यापासून, लंडनला जाणं म्हणजे "वर" जाणं आणि लंडनहून गावाकडे जाणं म्हणजे "खाली" जाणं असं बोलायची पद्धत होती, मग गाव डोंगरावर का असेना. ऑक्सफर्ड-केंब्रिजला शिकायला जाणंही "वर" जाणंच. मानाच्या ठिकाणी माणूस वर जातो असा तो हिशोब. रेल्वे आल्यावर लंडनकडची लाइन अप झाली आणि तीच पद्धत कंपन्यांबरोबर आपल्याकडे आली. आपल्याकडे लंडनच्या जागी कंपनीचं मुख्य टोक आलं. इथली कंपनी म्हणजे बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया, सगळे बीबी अँड सीआय म्हणायचे. तिची पहिली लाइन 1860 मध्ये अंकलेश्वर ते उत्राण सुरू झाली, 1861 मध्ये गाडी बडोद्याला पोहोचली, आणि मुंबईशी जोड 1864 मध्ये झाली. त्याच कंपनीचं पुढे 1951 मध्ये वेस्टर्न रेल्वे झालं.

पण गंमत बघा, हा नियम सगळ्या देशात सारखा नाही. हावड्याकडे उलटं आहे. तिथे हावड्याहून निघणारी गाडी अप आणि हावड्याला येणारी डाउन. कालका मेल हावड्याहून निघायची ती 1 अप आणि परत यायची ती 2 डाउन, आणि आजही तिथल्या लोकलना हेच लागू आहे. इंग्रज लोक बंगालमधून गंगेच्या वरच्या अंगाला, आतल्या मुलखात जाण्याला "अप-कंट्री" जाणं म्हणायचे, तीच दिशा तिथे रेल्वेला अप ठरलेली दिसते. म्हणजे एका कंपनीने मानाचं ठिकाण धरलं, दुसरीने नदी धरली. जपानमध्ये लंडनसारखंच आहे, टोकियोकडे जाणारी नोबोरी म्हणजे चढणारी, टोकियोहून जाणारी कुदारी म्हणजे उतरणारी.

मराठी माणसाच्या डोक्यात हे चटकन बसत नाही त्यालाही कारण आहे. आपल्याकडे वर-खाली म्हणजे जमीन. घाटावर जायचं, खाली कोकणात उतरायचं. देश वर, कोकण खाली, यात मानापमान काही नाही, नुसती उंची. आणि सेंट्रल रेल्वेवर तर याची सरळ टक्कर होते. मुंबईहून पुण्याला जाणारी गाडी कर्जतच्या पुढे बोर घाट चढते, मागून बँकर इंजिन लावून अख्खी गाडी वर ढकलतात, आणि कागदावर ती गाडी असते डाउन! पुण्याहून घाट उतरत मुंबईला येते ती अप. जाऊबाई पुण्याच्या आहेत तर त्यांना हे उदाहरण नक्की सांगा, त्यांच्या रोजच्या बघण्यातलं आहे.

आता ताईंच्या मुलीकडे येऊ. ती सकाळी बडोद्याहून आणंदला जाते, 35 किलोमीटर, बाजवा, रनोली, मग महीचा पूल, वासद, आणि पुढे आणंद. ही दिशा अहमदाबादची, म्हणजे ती सकाळी डाउन जाते आणि संध्याकाळी अप येते. खरं बघायला गेलं तर ती डाउन-अप करते. आणि तिच्याच वेळेला आणंदहून बडोद्याला कॉलेजात येणारी पोरं सकाळी अप येतात नि संध्याकाळी डाउन जातात. भरूचला जाणारे बडोदेकर सकाळी अप. पण म्हणताना सगळे एकच म्हणतात, अप-डाउन. म्हणजे पॅसेंजरच्या तोंडात गेल्यावर शब्दातली दिशा गळून पडली आणि फक्त "जाऊन येणं, रोज" एवढं उरलं.

असं का झालं असेल याचा मी बराच विचार केलाय. एक म्हणजे क्रम. मुंबईत नोकरदार सकाळी उपनगरातून शहराकडे जातो, म्हणजे आधी अप, आणि संध्याकाळी घरी, म्हणजे डाउन. विरारहून बॅकबेची पहिली लोकल 12 एप्रिल 1867 ला सुटली, तेव्हापासून मुंबईच्या नोकरदाराचा दिवस याच क्रमाने जातोय. दुसरं, आणि मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं, आपल्या भाषांना जोडीने बोलायची सवय आहे. ये-जा, ऊठ-बस, देव-घेव, चढ-उतार. गुजरातीत आव-जा, हिंदीत आना-जाना. आणि यात क्रम बघा, माणूस आधी जातो मग येतो, तरी आपण ये-जा म्हणतो, "ये" आधी. कोणाला खटकत नाही. जोडशब्दात क्रम कानाला गोड लागेल तसा ठरतो, घड्याळ बघून ठरत नाही. अप-डाउन त्याच साच्यात बसला आणि म्हणून तो परका वाटेनासा झाला.

त्यातून आपल्या लोकांनी क्रियापदाने अर्थ कसा वेगळा केलाय तेही बघण्यासारखं आहे. "तो अप-डाउन करतो" म्हणजे प्रवास. "बीपी अप-डाउन होतंय", "व्होल्टेज अप-डाउन होतंय" म्हणजे चढ-उतार. करणे आणि होणे, एवढ्या फरकावर दोन अर्थ चालतात आणि आजवर कोणाचा गोंधळ झालेला मी ऐकला नाही. हे व्याकरण शाळेत कोणी शिकवलेलं नाही, डब्यात आणि ओट्यावर बसून बोलता बोलता तयार झालेलं आहे.

आता तिसरा प्रश्न, याला चांगला मराठी शब्द कोणता. शब्द पुष्कळ आहेत, फक्त प्रत्येकाचं काम वेगळं आहे. खेप म्हणजे काहीतरी वाहून नेलेली फेरी, पाण्याच्या खेपा, विटांच्या खेपा. फेरी म्हणजे फिरून मूळ जागी येणं, बाजारात एक फेरी मारून आलो. हेलपाटा म्हणजे गेलो आणि काम झालंच नाही, त्यात दुखणं आहे. येरझारा म्हणजे चैन पडत नाही म्हणून इकडून तिकडे, ऑपरेशन थिएटरबाहेर माणूस घालतो त्या, आणि कीर्तनात ऐकलं तर जन्ममरणाच्या येरझारा. वारी फार मोठा शब्द, ठरल्या वेळी पुन्हा पुन्हा जाणं आहे त्यात, पण श्रद्धेने जाणं, पंढरपूरला. मुलगी रोज ऑफिसला जाते त्याला वारी म्हणालात तर कधीतरी कौतुकाने ठीक आहे, रोज नाही. चाकरमानी हा माणसाला लावायचा शब्द, प्रवासाला नाही. सगळ्यात जवळचा ये-जा, तो वापरा, अगदी छान आहे, पण "ये-जा करते" म्हटलं की रोज, नोकरीसाठी, ठरलेल्या गाडीने, हे सगळं आपोआप येत नाही. शेजारची मांजरही घरात ये-जा करते.

शब्द नाही याचं कारण ती गोष्टच आधी नव्हती. शेतकऱ्याचं शेत गावाला लागून, कारागिराचं काम ओसरीवर, सरकारी कारकून कचेरीच्या गावातच बिऱ्हाड करून राहणार. 35 किलोमीटर लांब रोज सकाळी जायचं आणि रात्री जेवायला घरी, हे बैलगाडीने होणारच नव्हतं. आपल्या बडोदा संस्थानातच बघा, खंडेराव महाराजांच्या काळात 1862 मध्ये डभोई ते मियागाम नॅरो गेज लाइन टाकली, देशातली पहिली नॅरो गेज, आणि सुरुवातीला ती बैलांनी ओढत होते. त्या वेगाने कोण रोज जाऊन येणार. वाफेचं इंजिन, टाइमटेबल आणि महिन्याचा पास, ही तीन आल्यावर हे जगणं सुरू झालं आणि जगणं जिथून आलं तिथूनच शब्दही आला. मला यात कमीपणा काही वाटत नाही.

इंग्लिशमध्ये याला जो शब्द आहे, कम्यूट, त्याची गोष्टही सांगतो कारण ती आपल्या पेन्शनवाल्यांना लगेच कळेल. मूळ लॅटिन, अर्थ बदलणे, एकाच्या बदल्यात दुसरं घेणे. फाशीची शिक्षा राष्ट्रपती जन्मठेपेत बदलतात, घटनेच्या कलम 72 मध्ये त्याला हाच शब्द आहे. आणि आम्ही रिटायर होताना पेन्शनचा काही भाग, जास्तीत जास्त 40 टक्के, विकून एकरकमी पैसे घेतो आणि 15 वर्षांनी तो भाग परत सुरू होतो, त्यालाही कम्युटेशनच म्हणतात. अमेरिकेत 1840 च्या दशकात रेल्वे कंपन्यांनी रोजच्या पॅसेंजरसाठी असंच केलं, रोजचं वेगळं भाडं घेण्याऐवजी एकदाच कमी केलेली ठोक रक्कम घ्यायची, त्याचं नाव कम्युटेशन तिकीट. ते काढणारा तो कम्यूटर, आणि मग त्याचं जाणं-येणं ते कम्यूट. म्हणजे त्यांचा शब्द तिकीट खिडकीवर जन्मला, सवलतीतून, आणि आपला जन्मला रुळावर, दिशेतून. दोन्हीकडे रेल्वेच आई.

सवलतीवरून पासाचं बोलू, कारण यात रोज घोटाळा होतो. आपण सगळे "पास काढला" म्हणतो, पण रेल्वेच्या कागदात पास म्हणजे स्टाफला मिळतो तो फुकटचा. तुम्ही पैसे भरून काढता ते सीझन तिकीट, महिन्याचं एमएसटी, तीन महिन्यांचं क्यूएसटी. तीन महिन्यांच्याला महिन्याच्या 2.7 पट पैसे पडतात, म्हणजे ज्याची नोकरी पक्की आहे त्याने तेच काढावं. साधारण नियम असा की 150 किलोमीटरपर्यंतच ते मिळतं. आता नकाशा काढून बसा. बडोदा ते अहमदाबाद 100, बसलं. बडोदा ते सुरत 130 च्या आसपास, बसलं. भरूच, गोध्रा, आणंद, नडियाद सगळं आत. मुंबई बाहेर. आणि बरोबर याच वर्तुळात लोक "अप-डाउन" हा शब्द रोजच्या अर्थाने वापरतात. बडोद्याहून मुंबईला नोकरी असेल तर माणूस म्हणतो "शनि-रवि घरी येतो", अप-डाउन करतो म्हणत नाही. रेल्वेच्या एका नियमाने शब्दाची हद्द आखून दिलीय असं मला वाटतं.

त्या वर्तुळाच्या आतलं जग ज्याने पाहिलंय त्याला शब्दाचा खरा अर्थ कळतो. लेडीज डब्यात थंडीच्या दिवसांत संध्याकाळी बघा, मांडीवर पिशवी उघडी, वालपापडी निवडणं चाललंय, दाणे एका डब्यात, शेंगांच्या शिरा प्लास्टिकच्या थैलीत, आणि वासद येईस्तोवर भाजी घरी जाऊन नुसती फोडणीला टाकायची इतकी तयार. समोरची थकून डोळे मिटून बसलेली असते तिच्या हातात कोणीतरी खाकरा ठेवतं. कोण आज दिसली नाही, कोणाच्या सासूचं ऑपरेशन आहे, सगळी खबर. एखादी धावत आली तर दारातल्या बायका हात देऊन आत घेतात (हे करू नये, मी रेल्वेचा माणूस म्हणून सांगतो, गाडी सुटली की सोडून द्या, पुढची असते). स्टेशन मास्तरला ही माणसं चेहऱ्याने माहीत असतात, नावाने नाही. गुजरात क्वीन लेट असली की हे लोक ऑफिसच्या खिडकीशी येतात आणि विचारतात, आणि मी कायम खरं सांगायचो, किती लेट, कुठे उभी आहे, कारण त्यांच्या हजेरीचा प्रश्न असतो, आणि ज्यांना रोज यायचंय त्यांना थाप कळते.

आता तर शब्द रुळावरून उतरून सगळीकडे गेलाय. एसटी बसने जाणारा अप-डाउन करतो. एक्स्प्रेस-वेवर शेअरिंगच्या ईकोत बसून अहमदाबादला जाणारा अप-डाउन करतो, तिथे कुठली अप लाइन नि कुठली डाउन. त्या गाड्यांना आपल्याकडे शटल म्हणतात, तो शब्दही इंग्लिश, मूळ अर्थ हातमागावरचा धोटा, दोन टोकांच्या मध्ये इकडून तिकडे पळणारा. मध्य प्रदेशात हिंदी पेपरात "अपडाउनर" असा माणसासाठी शब्दच छापून येतो.

आणि जाऊबाईंसाठी मुद्दाम सांगतो, महाराष्ट्रात विदर्भ, खानदेश, मराठवाड्यातले पेपर उघडा, "अपडाऊन करणारे शिक्षक", "अपडाऊन करणारे ग्रामसेवक" अशा बातम्या असतात. नोकरी ज्या गावात आहे तिथे मुख्यालयी राहायला हवं आणि हे तालुक्याच्या गावाहून रोज येतात अशी तक्रार असते. म्हणजे तिथे त्या शब्दाला जरा दोषाचा वास आहे. आपल्याकडे बडोद्यात तो अजिबात नाही, उलट "बिचारी रोज अप-डाउन करते" यात माया आहे, कष्टांची जाणीव आहे. एकच शब्द, पण कोण कोणाबद्दल बोलतंय त्यावर वजन बदलतं, तर तिकडच्या नातेवाइकांशी बोलताना हे लक्षात असू द्या, नाहीतर पोरगी कामचुकार आहे की काय असं वाटायचं.

आणखी एक अर्थ राहिला. "कालच सुरतला अप-डाउन करून आले" असंही आपण म्हणतो. यात रोजचं काही नाही, फक्त त्याच दिवशी परत, मुक्काम न करता. लग्नाला, मयताला, बँकेच्या कामाला. हा अर्थ घ्यायचा तर मुंबईही चालते, सकाळच्या गाडीने जाऊन रात्री परत. ऐकणाऱ्याला "करते" आणि "करून आले" यावरून बरोबर कळतं की रोजचं की एकदाचं.

लिहिताना अप-डाउन, अपडाउन, अपडाऊन तिन्ही दिसतात, मी मधे रेघ देऊन लिहितो कारण दोन शब्द वेगळे दिसतात आणि वाचायला सोपं जातं, पण दुसरं चूक म्हणणार नाही. लिंग नपुंसक धरा, "माझं अप-डाउन सुरू आहे", "दोन वर्षं अप-डाउन केलं", बडोद्यात सगळे असंच बोलतात. माणसाला म्हणायचं तर अप-डाउनवाले, किंवा पासवाले. आणि ताई, मुलीला सांगा की गाडी लेट असली की चौकशी करताना "आणंदची गाडी" म्हणू नको, सकाळी "डाउन मेमू" (मेमू म्हणजे जवळच्या अंतराची विजेवरची पॅसेंजर गाडी) आणि संध्याकाळी आणंदहून निघताना "अप मेमू" असं विचार, खिडकीतला माणूस एका शब्दात उत्तर देईल.